बी. के. सर आत येत नाहीत

माझ्या शिवणयंत्राची गोष्ट बी. के. सरांनी सांगितली, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून दिवेलागण झाली की मी त्या यंत्रावर बसत नाही. हे कुणाला सांगायचीही सोय नाही. जन्मभर मराठी शिकवताना मी पोरांना सांगत आले की भुताखेतांवर विश्वास ठेवू नका, आणि आता माझ्याच घरातलं यंत्र संध्याकाळी जुन्या साडीनं झाकून ठेवते.

गोष्ट तशी छोटी. शिवणयंत्र तयार करू बघणाऱ्या एका अमेरिकन माणसाला सुईचं भोक कुठं ठेवावं ते सुचेना. त्याच्या घरचे पुढे सांगायचे की एकदा त्याला स्वप्न पडलं. कुठल्यातरी रानटी राजानं हुकूम दिला होता, यंत्र पुरं कर नाहीतर मरायला तयार हो. यंत्र काही पुरं झालं नाही. शिपाई त्याला न्यायला आले तेव्हा त्यांच्या हातातल्या भाल्यांना टोकापाशी भोक होतं. तो घाबरून जागा झाला आणि त्यानं सुईच्या टोकाशी भोक पाडलं. "भाले वर-खाली, वर-खाली हुत हुते, बाई," सर म्हणाले आणि त्यांनी आपलं लांब बोट टेबलावर तसंच संथपणे नाचवलं. "घरी गेल्यावर सुई बगा. अजून तशीच येती." मी घरी जाऊन बघितली. बघायला नको होती.

भूपाल कल्लाप्पा मगदूम शाहूपुरीतल्या आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे. सगळे त्यांना बी. के. सर म्हणत. राहायला उचगावला. उंच, किडकिडीत, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. कोल्हापुरात माणूस शेजाऱ्याला हाक मारतो ती पुढच्या चौकात ऐकू जाते. सर मात्र इतकं हळू बोलायचे की ऐकणाऱ्याला वाकावं लागे, आणि एकदा वाकलं की गोष्ट संपेपर्यंत सुटका नसे. त्यांना आणखी एक खोड होती. कप असो, छत्री असो, कात्री असो, उचलण्याआधी ते त्या वस्तूला क्षणभर बोटाचं टोक लावून थांबत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आदी कुनीतरी केली असंल, वापरली असंल. एकदम हात कसा घालायचा?"

गोष्टी सांगायला त्यांनी अमेरिकाच का धरली, याचं कारण त्यांनी मला सांगितलं होतं आणि ते मला पूर्ण पटतं. इथला इतिहास शिकवायचा म्हणजे वर्गातल्या अर्ध्या पोरांचे बाप हरकत घ्यायला शाळेच्या फाटकात हजर. प्रत्येक चौकात दोन तरी इतिहासकार. अमेरिकेबद्दल मात्र कोल्हापुरात कुणी कुणाची कॉलर धरत नाही. पाठ्यपुस्तकात तिचा धडा एवढासा होता. सरांनी तो पोखरत पोखरत आतपर्यंत नेला आणि आत त्यांना जे काही सापडलं, ते सगळं मयताशीच जाऊन भिडत होतं.

आमच्या शाळेत परिपाठाच्या जागी मोठा फलक आहे. त्याच्या डाव्या बाजूला सर रोज 'कुतूहल' लिहीत. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाला जिवंतपणी पुरलं जाण्याची भीती होती, म्हणून त्यानं मरताना सांगितलं की मला तीन दिवस होईपर्यंत थडग्याच्या तळघरात ठेवू नका. हे लिहिलं त्या दिवशी सर मला म्हणाले, "आपल्यात तिसऱ्या दिवशी राख पाण्यात जाती. त्यांचा मानूस अजून वाट बघत पडल्याला." त्याच्या नंतरच्या दोन राष्ट्राध्यक्षांची गोष्टही फलकावर आली होती. आधी मित्र, मग वैरी, म्हातारपणी पुन्हा मित्र. दोघंही एकाच दिवशी गेले, तोही त्यांच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. त्यातला एक जाता जाता म्हणाला की तो दुसरा अजून आहे. दुसरा काही तासांपूर्वीच गेला होता. सातवीच्या मुली ते वाचून एकमेकींचा हात धरून वर्गात जायच्या.

आमचे हेडक्लार्क पोवार हे या सगळ्याचे पहिले गिऱ्हाईक. गोल, हसरे, खाण्यापिण्याचे शौकीन, तोंडात पूर्ण कवळी. सरांनी एकदा सांगितलं की त्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाची कवळी लाकडाची होती म्हणतात ते खोटं. तिच्यात हस्तिदंत होतं, जनावरांचे दात होते आणि माणसांचेही. त्यातले काही गुलामांच्या तोंडातून काढून घेतलेले असावेत असं मानतात. पोवारांनी तिथंच कवळी काढून रुमालात ठेवली आणि बोळक्या तोंडानं म्हणाले, "सर, माझ्यात कोन हाय बगा जरा." आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. ते रुमालाकडे बघत राहिले.

फलकाच्या उजव्या बाजूचं कामही सरांकडेच होतं, कारण त्यांच्यासारखं अक्षर शाळेत कुणाचंच नव्हतं. ओल्या खडूनं त्यांनी एक वेलबुट्टीची चौकट काढली होती. ओला खडू वाळला की सहज निघत नाही, म्हणून ती चौकट महिनोन्महिने टिकायची. आत फक्त मथळा आणि नाव बदलायचं. कुणाचा वाढदिवस असला की 'हार्दिक शुभेच्छा', कुणी बक्षीस मिळवलं की 'हार्दिक अभिनंदन', शाळेशी संबंधित कुणी गेलं की 'भावपूर्ण श्रद्धांजली'. चौकट एकच. मला ते कधीच आवडलं नाही, पण सरांची मेहनत वाचते म्हणून कुणी बोलत नसे.

एकदा आमच्या जुन्या शिपाईमामांचं निधन झालं, तेव्हा सरांनी मथळाही ओल्या खडूनं ठळक काढला. दोन दिवसांनी पोवारांचा वाढदिवस होता. आदल्या संध्याकाळी सरांनी शिपाईमामांचं नाव पुसून तिथं पोवारांचं नाव घातलं. मथळ्याला ओलं फडकं हवं होतं आणि नळाला पाणी नव्हतं. सर म्हणाले, सकाळी लवकर येऊन मथळा बदलतो. सकाळी उचगावच्या रस्त्यावर त्यांची गाडी पंक्चर झाली. परिपाठाला आठशे पोरं ओळीत उभी राहिली आणि त्यांच्यासमोर फलकावर, वेलबुट्टीच्या चौकटीत, सुंदर अक्षरात पोवारांना श्रद्धांजली होती.

पोवार स्वतः सगळ्यात जास्त हसले. फलकाशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला, सगळ्यांना पेढे वाटले. सर घामाघूम होऊन आले तेव्हा त्यांना मिठी मारून म्हणाले, "आता मला मरान न्हाय बगा. एकदा लिवून झालं." महिना पुरा व्हायच्या आत पोवार गेले. जेवता जेवता घास हातात राहिला. मुख्याध्यापकांनी सरांना फलक लिहायला सांगितलं, तेव्हा मी तिथंच होते. सरांना काही नवीन लिहायचं नव्हतं. मथळा तोच, नाव तेच, अक्षर तेच. त्यांनी ते सगळं पुन्हा लिहिलं आणि खडूचा तुकडा खिशात टाकून निघून गेले.

पोवारांना साखर होती, रक्तदाब होता, कशाचंही पथ्य नव्हतं. हे मी सरांना दहा वेळा सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग पुढच्या उन्हाळ्यात आमच्याच शाळेतल्या शिंदे सरांच्या घराची वास्तुशांत झाली. त्यांचे वडील, आबा, नव्वदीच्या पलीकडचे. कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं म्हणून बी. के. सर खुर्ची ओढून शेजारी बसले आणि नंबर फिरवायच्या फोनची गोष्ट सांगायला लागले. अमेरिकेतल्या एका गावात मयताची सगळी व्यवस्था लावणारा एक माणूस होता. गावात माणसं मरत होती, पण याला कुणी बोलवेना. कारण, असं सांगतात, टेलिफोनच्या कचेरीत बसणारी बाई त्याच्याच धंद्यातल्या दुसऱ्याची बायको होती आणि फोन आला की ती आपल्या नवऱ्याला जोडून द्यायची. म्हणून यानं चिडून असं यंत्र बनवलं की मधल्या माणसाची गरजच उरू नये. आबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. "मग फुडं?" असंही त्यांनी विचारलं. सरांनी पुढचं सांगितलं. गोष्ट संपली तरी आबा काही बोलले नाहीत. सरांना वाटलं, विचार करत असतील, म्हणून ते थांबले. ताटं वाढली, बायका बोलवायला आल्या, तेव्हा सगळ्यांना कळलं.

"गोष्ट संपायच्या आदी गेले का नंतर, त्ये मला कळलं न्हाय, बाई," सर मला म्हणाले. "मी कुनाला सांगत हुतो?"

मी चिडले. "सर, नव्वदीच्या माणसानं जायचं तरी कधी?" असं म्हणाले आणि विषय बदलला. पण त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत सरांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. उघडपणे कुणी काही बोलत नसे. चहा आला की माणसं आपापला कप घेऊन खिडकीशी जात. आपला वाढदिवस कुणी सांगेना. नंतर मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि निरोपाच्या कार्यक्रमात हार घालायला सरांना पुढे ढकललं गेलं, तेव्हा मुख्याध्यापकांची मान किंचित मागे गेली. ती मी पाहिली आणि सरांनीही पाहिली. त्याच दुपारी मुख्याध्यापक घरी जाऊन आडवे झाले ते उठले नाहीत. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आधी झालेलं होतं. हे सगळ्या शाळेला माहीत होतं, आणि तरीही कुणाच्या मनात ऑपरेशन आलं नाही.

त्यानंतर सरांनी शेवटचं 'कुतूहल' लिहिलं. अमेरिकेत एका राष्ट्राध्यक्षाचा खून झाला, तेव्हा त्याचा थोरला मुलगा त्याच शहरात होता आणि बापाच्या उशाशी बसून होता. पुढे दुसऱ्या राष्ट्राध्यक्षावर रेल्वे स्टेशनात गोळी झाडली गेली, तेव्हा हा तिथं होता. त्यानंतर तिसऱ्याला एका प्रदर्शनात गोळी लागली, आणि हा तेव्हाच त्या गावात येऊन पोचला होता. म्हणतात की मग त्यानं राष्ट्राध्यक्षांची बोलावणी घेणंच सोडलं. एवढं लिहून सर खाली उतरले. मला म्हणाले, "बाई, ह्यो मानूस शाना का खुळा?"

"खुळा," मी म्हणाले.

"त्यानं जायचं सोडल्यावर त्याच्या म्होरं कुनी मेलं न्हाय," सर म्हणाले आणि हात झटकून वर्गावर गेले.

पद्मा ही त्यांची एकुलती मुलगी. माझीच विद्यार्थिनी, वर्गात पहिल्या बाकावर बसून शेवटच्या बाकाएवढं बोलणारी. तिचं लग्न जयसिंगपूरच्या मुलाशी ठरलं. पत्रिका छापून झाल्या आणि सरांनी घरात सांगितलं की मी अक्षतांना येणार नाही. कन्यादान मामा करतील. त्यांच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा, मला फोन आला तेव्हा त्या रडतही नव्हत्या. नुसतं म्हणाल्या, "तुमचं ऐकतील तर बगा."

मी उचगावला गेले. सर सोप्यात बसले होते, पद्मा समोर भिंतीला टेकून उभी. मी तासभर बोलले. योगायोग म्हणजे काय, पोवारांची साखर, आबांचं वय, सगळं पुन्हा सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मला सगळं पटतंय, बाई. माजा देवदेवस्कीवर इस्वास न्हाय. पर समजा तुमी चुकलासा. मग मी कुनाला इचारू?" मला राग आला आणि त्या रागाच्या तळाशी भीती होती, हे मी आता मान्य करते.

पद्मा म्हणाली, "आण्णा, तुमी आलासा न्हाय तर मी बोहल्यावर चढत न्हाय. बसतो मी खोलीत."

"येतो," सर म्हणाले. पद्मा एवढी खूश झाली की आत जाऊन चहा टाकायला लागली. सर कुठवर येणार, हे तिनं विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी ते खरंच आले. नवा सदरा, डोक्याला केशरी फेटा, तोही स्वतः बांधलेला. पण ते कार्यालयाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभे राहिले. आत मुहूर्त जवळ आला होता. पद्मा मुंडावळ्या बांधून खोलीत बसलेली, बाहेर यायला तयार नाही. उपाध्ये घड्याळाकडे बघत होते, वराकडची माणसं एकमेकांकडे. वहिनींनी मला बाहेर पाठवलं. मी रस्ता ओलांडून सरांचा हात धरला. हात गार होता, भर दुपारी. ते म्हणाले, "बाई, माज्याबरूबर जास्त येळ उभ्या ऱ्हाऊ नगासा." त्यांनी हात सोडवून घेतला आणि मी जेवढं पुढे येईन तेवढे ते मागे सरकत गेले.

शेवटी पद्मानंच तोड काढली. कार्यालयाचं रस्त्याकडचं मोठं दार तिनं सताड उघडायला लावलं आणि बोहला त्या दारासमोर आणवला. उन्हाची तिरीप आत आली, गाड्यांचे हॉर्न आत आले, मंगलाष्टकं धड ऐकू येईनात. माणसं अक्षता टाकत होती आणि मी मान वळवून रस्त्याकडे बघत होते. पलीकडे सरांनी मुठीतल्या अक्षता उधळल्या. त्या रस्त्यावर पडल्या आणि त्यांवरून एक ट्रक गेला. ट्रक गेल्यावर पलीकडे कुणी नव्हतं.

मला वाटलं, आता संपलं असेल. पण वर्षा-दीड वर्षात पद्माला दिवस गेले, आणि आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पद्मा माहेरी येणार म्हणजे एका छपराखाली सर, पोर आणि पोराची आई. सातव्या महिन्यात ओटी भरायच्या आधीच सरांनी दोन पिशव्या भरल्या आणि ते वारणानगरला निघून गेले. तिथं साखर कारखान्याच्या वसाहतीजवळ त्यांच्या मेव्हण्याची एक खोली रिकामी होती. मुलगी झाली, घरी आली, पुढे जयसिंगपूरलाही गेली. सर परत आले नाहीत. वहिनी आठवड्यातून एकदा डबे घेऊन जातात, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतात आणि रिकामे घेऊन येतात.

परवाच्या दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेले. पद्माची मुलगी आता पाच वर्षांची आहे आणि त्यांनी तिला अजून पाहिलेलं नाही. वसाहतीत दुपारची सामसूम होती, वाऱ्यावर मळीचा वास होता. दार बंद. मी हाक मारली तर खिडकीचं एक दार उघडलं. सर अजून वाळले होते, बटण मात्र वरपर्यंत लावलेलं. खोलीत खाट, माठ, एक ताट. बाकी वस्तू नव्हत्या. भिंतीवर घड्याळही नव्हतं.

मी खूप बोलले. सरांनी एकच विचारलं, "समदी खुशाल हाईत न्हवं?"

"सगळे खुशाल आहेत. पद्मा, जावई, नात, वहिनी. कुणाला साधा ताप नाही. झाली ना आता खात्री? चला घरी."

"व्हय," सर म्हणाले, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पाहिलं. "बगा की. मी गेलो न्हाय, म्हनून समदी खुशाल हाईत."

या माणसाला आता काहीही दाखवून उपयोग नव्हता. घरात कुणी आजारी पडलं असतं तर त्यांची भीती खरी ठरली असती, आणि कुणी पडलं नाही म्हणून ती आणखीच खरी ठरली होती. माणसं सुखात होती तो प्रत्येक दिवस त्यांना त्या खोलीत कोंडत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की मी खिडकीपासून चांगली हातभर लांब उभी आहे. मी कधी मागे सरकले ते मला आठवत नव्हतं.

निघताना मी फोन काढला आणि नातीचा फोटो उघडून पुढे धरला. सरांनी हात पाठीमागे घेतले आणि मान भिंतीकडे वळवली. मी फोन खाली केल्यावर भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं, "कुनासारकी दिसती?"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी खरं ते सांगितलं. "अगदी तुमच्यासारखी, सर. कपाळ तुमचं, डोळे तुमचे. आणि बोलते तीही तुमच्यासारखीच हळू. वाकून ऐकावं लागतं."

सरांचं तोंड पांढरं पडलेलं मला दिसलं. ते म्हणाले, "पद्माला म्हनावं, तिला माजं नाव सांगू नगा," आणि त्यांनी खिडकीचं दार ओढून घेतलं. आतून कडी लागली.

हा निरोप मी पद्माला दिलेला नाही. देऊन फायदाही नव्हता. गेल्या रविवारी तिनं फोन केला आणि मधेच पोरीला फोनवर घेतलं. पोर नुकतीच शाळेत जायला लागली आहे, दिवसभर घरात हजेरीचा खेळ खेळते. मी फोन कानाशी घट्ट धरला तेव्हा कुठं तिचा आवाज ऐकू आला. एकेक नाव घेत होती, आईचं, बाबांचं, आजीचं, आणि प्रत्येक नावानंतर स्वतःच उत्तर देत होती. शेवटी थांबली, श्वास घेतला आणि हळूच म्हणाली, "भूपाल कल्लाप्पा मगदूम." मग तितक्याच हळू, "हजर."